फोमची तलवार

फरी-गदक्यातला गदका म्हणजे कातडं मढवलेली काठी. मर्दानी खेळात तलवारीचा सराव तिच्यावर होतो. १९७७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘डॅगोरहिर’ या लुटुपुटूच्या लढाईत ते काम फोम करतो. मुलुंड-बोरिवलीच्या गच्चीवर असं हत्यार करायचं, तर आत हलका पीव्हीसी पाइप आणि वर एसीच्या नळीला चढवतात तसला फोम. फोम दबतो, म्हणून वार थांबायला वेळ लागतो. ५ मिलिसेकंदांचा आघात २० वर पसरला, की सरासरी बल चौथ्या हिश्श्यावर येतं. खरा धोका टोकाचा. पाइपचं तोंड टोपणाने बंद करा, पुढे जाड फोम ठेवा; टोक डोळ्याच्या खोबणीत शिरणार नाही इतकं रुंद हवं. तरीही डोक्यावर वार नकोच. आणि चिकटपट्टी करकचून आवळू नका. आधीच दाबलेला फोम आणखी दबणार किती?