ठिपका दिसतो, रोग शोधावा लागतो

बीदर किंवा कलबुर्गीहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या आत भेटत नाही. तरीही देशातल्या पहिल्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचा, म्हणजे 1969 साली मंगळुरात सुरू झालेल्या संस्थेचा, कारभार आज बीदरकडे आहे. 2004 च्या कायद्याने कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय बीदरच्या नंदीनगरात आले आणि किनाऱ्यावरचे महाविद्यालय पठारावरच्या विद्यापीठाला जोडले गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या मराठी घरांना मासा ठाऊक आहे तो मांजरा, कारंजा आणि भीमेचा: मरळ, वाम, रोहू, कटला. काचेच्या टाकीत खारे पाणी करून रंगीत समुद्री मासे पाळणे हा अलीकडचा आणि महागडा छंद. कातडीचे रोग मात्र दोन्हीकडच्या माशांना होतात, आणि ते ओळखण्याची विद्या कोणत्या वाटेने आली याचा मागोवा घेऊ लागलो की गोड्या पाण्याची आणि खाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी काढता येत नाही.

सुरुवात गोड्या पाण्यापासून करतो. या भागाला तोच अनुभव जवळचा.

1988 साली ईशान्य भारतातल्या तळ्यांत, भातखाचरांत आणि नद्यांत अंगावर लाल चट्टे असलेले मासे सुस्तपणे पाण्याच्या वर येऊ लागले. चट्ट्याचा व्रण व्हायचा, व्रण मांसात उतरायचा, कधी कवटीपर्यंत पोचायचा, आणि एवढे होऊनही मासा काही दिवस जिवंत असायचा. पुढच्या काही वर्षांत हा रोग देशाच्या बहुतेक भागांत पसरला. कर्नाटक, आंध्र, महाराष्ट्र त्यातून सुटले नाहीत. 1991 मध्ये केरळच्या कुट्टनाडातल्या पाणथळींत त्याने कहर केला. रोगाला नाव पडले ‘इपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम’, थोडक्यात ईयूएस. सर्वांत जास्त बळी गेले ते मरळ आणि वाम यांचे. मरळ म्हणजे हवेतून श्वास घेणारा, चिखलात तग धरणारा, बाजारात जिवंत विकला जाणारा मासा. तोच असा सडू लागल्यावर लोक घाबरले तर नवल नाही. पूर्व भारतात लोकांनी मासे खाणेच सोडले आणि भाव कोसळले. या रोगाची लागण माणसाला होत नाही, पण व्रण पाहिलेल्या गिऱ्हाइकाला हे पटवणार कोण?

रोगाचे मूळ शोधताना जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. व्रणातून जिवाणू निघाले, एरोमोनास हायड्रोफिला हा त्यांतला नेहमीचा. मग रोग जिवाणूंचा ठरला. आग्नेय आशियातल्या आजारी माशांत रॅब्डोव्हायरस सापडले, मग विषाणूचा संशय आला. काहींनी बोट दाखवले ते शेतातल्या कीटकनाशकांकडे. यातले कुठलेही निरीक्षण खोटे नव्हते. उघड्या व्रणावर जिवाणू बसणारच, आणि पहिल्या पावसात शेतातले पाणी तळ्यात येणारच. पण जपानमध्ये 1971 सालीच एगुसा आणि मासुदा यांनी आयू माशाच्या अशाच आजारात मांसात शिरलेली बुरशी पाहिली होती, आणि 1972 साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या बर्नेट नदीत ‘रेड स्पॉट’ नावाने हाच प्रकार दिसला होता. जपानचा रोग, ऑस्ट्रेलियाचा रोग आणि आपल्याकडचा रोग एकच आहे हे ठरायला 1990 चे दशक बरेचसे सरावे लागले. मूळ दोषी निघाली ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाची पाणबुरशी. द्राक्षबागायतदार ज्याला डाऊनी किंवा केवडा म्हणतात त्या रोगाचा जीव याच गटातला. दोन्हींना आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरशीच्या कुळातले ते नाहीत.

इतकी वर्षे ती निसटली कशी? नमुना घेण्याच्या जागेमुळे. व्रणाच्या मधोमध मेलेले मांस असते, त्यावर सॅप्रोलेग्नियासारख्या उपटसुंभ बुरशी आणि नाना जिवाणू वस्तीला आलेले असतात. तिथला फाया घेतला की तेच वाढतात. ॲफॅनोमायसिसचे तंतू सापडतात ते व्रणाच्या कडेला, जिथे लाल आणि निरोगी मांस एकमेकांना भिडते तिथे, आणि तेही कातडीखाली. कडेचा छोटा तुकडा काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आडपडदा नसलेले जाड तंतू दिसतात. ऊतींचे काप घेतले तर तंतूंभोवती शरीराने बांधलेल्या गाठी दिसतात. पुढे पीसीआर चाचणी आली आणि काम सोपे झाले, पण कडेचा तुकडा घ्यायचा हा धडा आजही तसाच लागू आहे. निदान चुकले होते ते डोळ्यांमुळे नव्हे, जिथे डोळे लावले त्या जागेमुळे.

निदान पक्के झाल्यावर उपायांचाही अर्थ लागला. थंडीत, पाणी 18 ते 22 अंशांवर आले की, आणि मोठ्या पावसाने पाण्याचा सामू घसरला की ही बुरशी जोर करते. त्या थंडीत माशाची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते. म्हणून तळ्यात चुना टाकण्याची शिफारस, हेक्टरी साधारण 200 किलो. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सीफॅक्स’ हे औषध काढले, हेक्टर-मीटर पाण्याला 1 लिटर या प्रमाणात. सामान्य कार्प (आपला सिप्रिनस) आणि तिलापिया या रोगाला दाद देत नाहीत, हेही कळले. आणि पाण्यात हजारी दोन भागांहून जास्त क्षार असले तर बुरशीचा प्रसार थांबतो.

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी यात एक खास गोष्ट आहे. बीदर शहराभोवतीचे पठार जांभ्या दगडाचे, किल्लाही त्याच दगडाचा. जांभ्यातून झिरपलेले पाणी सहसा मऊ असते, सामू सांभाळून धरण्याची त्याची ताकद कमी. कलबुर्गीकडे शहाबाद, चित्तापूर, सेडम हा चुनखडीचा पट्टा, महाराष्ट्रात घरोघरी असलेली शहाबादी फरशी त्याच पट्ट्यातली. तिथले पाणी जड. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात तळ्याच्या पाण्याचा स्वभाव पार बदलतो. चुना टाकण्याआधी पाण्याचा सामू आणि तो सांभाळण्याची पाण्याची ताकद (अल्कता) मोजायलाच हवी. बीदरच्या तळ्याला जे लागेल ते चित्तापूरच्या तळ्याला लागेलच असे नाही. माशाच्या कातडीचा विचार करताना जमिनीखालचा दगडही विचारात घ्यावा लागतो, हे इथे राहणाऱ्याला सांगणे सोपे आहे.

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या कातडीचा अभ्यास सुरू झाला तो समुद्रात नव्हे, मोठ्या शहरांतल्या मत्स्यालयांत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात 1931 साली ब्राउन यांनी कातडी आणि कल्ल्यांवर बसणाऱ्या एका परजीवीचे वर्णन केले, आज त्याला ॲमायलोओडिनियम म्हणतात. जपानमध्ये सिकामा यांनी 1930 च्या दशकात समुद्री माशांवरचा पांढरा ठिपका नोंदवला, आणि 1951 साली ब्राउन यांनीच त्याच्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. मुंबई बघायला गेलेल्या कितीतरी मराठी मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला असेल. 1966 मध्ये निग्रेली आणि रुजिएरी यांनी न्यूयॉर्क मत्स्यालयातल्या साथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मत्स्यालयांतच हे का घडावे? अथांग पाण्यात परजीवीची पिल्ले विखुरतात, त्यांतल्या फार थोड्यांना मासा गाठता येतो. काचेच्या टाकीत मासा कुठेही जाऊ शकत नाही.

क्रिप्टोकॅरिऑनचे जीवनचक्र समजले की पाळणाऱ्यांची नेहमीची फसगत समजते. माशाच्या कातडीत तो काही दिवस, साधारण तीन ते सात, खात-पीत वाढतो. तोच पांढरा ठिपका, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा. मग तो मासा सोडतो, वाळूत किंवा दगडावर चिकटून कवच करतो आणि आत विभागत राहतो. कवचातून शेकडो नवे जीव बाहेर पडतात, त्यांना एखाद-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. मासा सोडला की ठिपके दिसेनासे होतात. मालकाला वाटते औषध लागू पडले. कवचातून पिल्ले निघायला कधी आठवडा, कधी चार आठवडे, क्वचित त्याहूनही बराच काळ लागतो, आणि मग ठिपके पूर्वीपेक्षा दाट येतात. इस्रायलमधल्या आयलातच्या समुद्री संवर्धन केंद्रात अँजेलो कोलोर्नी यांनी 1980 च्या दशकात पाण्याची क्षारता उतरवून हे चक्र तोडता येते हे दाखवले. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्याचा परजीवी, 1876 साली फूके यांनी वर्णिलेला इक्थिऑफ्थिरियस, दिसायला आणि वागायला इतका सारखा की दोघे अनेक दशके भावंडे मानले गेले. जनुकांच्या अभ्यासानंतर, 2002 मध्ये, क्रिप्टोकॅरिऑनला वेगळ्या वर्गात हलवावे लागले.

आणि पांढरे दिसणारे सगळे हेच असेल असे नाही. ॲमायलोओडिनियममध्ये ठिपके फार बारीक, अंगावर सोनेरी भुकटी पडल्यासारखे; अंधारात टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकला तरच दिसतात. तो आधी कल्ल्यांत शिरतो, म्हणून ठिपके दिसण्याआधीच मासा धापा टाकत मरू शकतो. क्लाउनफिशच्या अंगावर चिकट पांढरा थर सुटू लागला, कातडी पापुद्र्यांनी निघू लागली, तर संशय ब्रुकलिनेलाचा. लोम आणि निग्रेली यांनी 1970 मध्ये वर्णिलेला हा परजीवी तांब्याच्या औषधाला जुमानत नाही, त्याला फॉर्मेलिन लागते. परांच्या कडेला पांढऱ्या गाठी असतील, मासा खात-पीत असेल, तर बहुधा लिम्फोसिस्टिस हा विषाणू. त्याला औषध नाही आणि बहुतेक वेळा लागतही नाही, चांगल्या पाण्यात गाठी हळूहळू जातात. कातडीवरचे चपटे कृमी पारदर्शक असतात. मासा त्याच तापमानाच्या आणि सामूच्या गोड्या पाण्यात पाचेक मिनिटे धरला की ते पांढरे होऊन गळून पडतात, आणि निदान व उपचार एकदमच होतात. सर्जनफिशच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर खड्डे पडतात त्याला वर्षानुवर्षे जंतू, विजेचे झटके, जीवनसत्त्वांचा अभाव अशी कारणे दिली गेली. 2011 मध्ये हेमडल आणि ओडम यांनी दाखवले की टाकीतला गाळणीचा लिग्नाइट कोळसाही तसे खड्डे पाडू शकतो.

म्हणूनच ठिपका दिसताच मोरचूद, म्हणजे तांब्याचे औषध, टाकण्याच्या सवयीचा मला राग येतो. तांबे क्रिप्टोकॅरिऑन आणि ॲमायलोओडिनियमवर चालते, पण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात. त्याखाली परजीवी जगतो, वर मासा धोक्यात येतो. प्रवाळ, कोळंबी, शिंपले तर त्या मात्रेतही मरतात. शिवाय टाकीत चुनखडीचा दगड, प्रवाळाची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा असेल तर तो पाण्यातले तांबे ओढून घेतो. आमच्याकडे शहाबादीचे तुकडे कुठेही मिळतात, पण उपचाराच्या टाकीत ते ठेवू नयेत. तिथे उघडा काचेचा तळ आणि लपायला प्लास्टिकची नळी पुरते. उन्हाळ्यात पाणी भरभर उडते, मीठ मागे राहते आणि क्षारता वर चढते, तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. कलबुर्गीच्या मे महिन्यात हे काम रोजचे होते, आणि ते चुकले की ताणामुळे निस्तेज झालेल्या माशालाही रोगी समजून औषध दिले जाते.

‘पांढरा ठिपका’ याच नावाचा तिसरा रोग 1990 च्या दशकाच्या मध्याला किनाऱ्यावर आला, कोळंबीचा. त्याचे मूळ विषाणूत होते. मंगळूरच्या महाविद्यालयात इड्या करुणासागर, इंद्राणी करुणासागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या या रोगाचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला. ईयूएसच्या व्रणांतल्या एरोमोनासवरही त्यांचे काम आहे. कोळंबीच्या कवचावर जड पाण्यातल्या चुन्यामुळेही पांढरे डाग येतात, त्यामुळे तिथेही डाग पाहून तळे रिकामे करणे चूक, पीसीआरच हवी. तीन निरनिराळे जीव, तीन निरनिराळी पाणी, नाव तेच.

2013 मध्ये लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या पुढाकाराने जलचर रोगांचे राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झाले आणि 2023 मध्ये शेतकऱ्याला मोबाईलवरून रोग कळवता येईल असे ॲप आले. यंत्रणा आता आहे. कारंजा किंवा अमरजा धरणाच्या काठच्या भोई आणि अंबिगेर कुटुंबांपर्यंत, तसेच टाकी ठेवणाऱ्या हौशी माणसापर्यंत ती मराठीत आणि कन्नडात सोप्या शब्दांत पोचायला हवी, आणि हे काम बीदरच्या विद्यापीठाइतके दुसऱ्या कुणाला शोभणार नाही. निदान सगळ्यांना ठाऊक असावे की तपासणीला मेलेला मासा नेऊन फारसा उपयोग होत नाही. मासा मेला की काही तासांतच परजीवी त्याला सोडून जातात आणि कुजवणारे जिवाणू पसरतात. आजारी पण जिवंत मासा त्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्यावा. सोबत वेगळ्या बाटलीत तळ्याचे किंवा टाकीचे पाणी, आणि आधी कोणते औषध किती टाकले याची चिठ्ठी. ते शक्य नसेल तर व्रणाच्या कडेचा तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा, आणि दुसरा अल्कोहोलमध्ये, कारण पीसीआरसाठी फॉर्मेलिनपेक्षा तो चांगला.