नकार द्यायचा तर कागदावर द्या!

पाचोऱ्यातील कोणत्याही नावाजलेल्या खाजगी दवाखान्यासमोर सकाळी आठ वाजता उभे राहून पाहावे. डॉक्टर अकराला येणार, पण ओटा आधीच भरलेला असतो. नगरदेवळा, लोहारा, वरखेडी, पिंपळगाव इकडून पहिल्या एस.टी.ने नाहीतर काळ्या-पिवळीने माणसे आलेली असतात. कशासाठी? नंबर लावण्यासाठी. नंबर म्हणजे कंपाउंडरच्या वहीतील एक ओळ, आणि ती वही कोणालाही दाखविली जात नाही. ज्याच्याजवळ डॉक्टरांचा मोबाइल आहे त्याचे नाव रात्रीच वहीत चढलेले असते. ओळखीचा व्यापारी, पुढारी मागच्या दाराने आत जातो. औषध कंपनीचा एमआर बॅग सावरत आत जातो. आणि खेड्यातल्या आजीला दुपारी दोनला सांगितले जाते, "साहेब जेवायला गेले, आता पाचला या." पाचपर्यंत थांबावे तर परतीची गाडी निघून जाते. पाचोरा-जामनेर पट्ट्यातील गावांना एके काळी पीजे रेल्वेचा स्वस्त आधार होता. तीही २०२०च्या टाळेबंदीत थांबली.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जी बाई दवाखान्याच्या ओट्यावर बसली तिची त्या दिवसाची वेचणी शून्य, आणि तिला घेऊन आलेल्या नवऱ्याचा रोजही बुडाला. डॉक्टरांची फी देण्याआधीच घरातल्या दोन मजुऱ्या गेल्या. म्हणून आमचा माणूस चार दिवस ताप अंगावर काढतो. मग सुशिक्षित मंडळी सांगतात, "हे लोक वेळेवर येतच नाहीत." आम्ही विचारतो, वेळ ठरवली कोणी, आणि कोणाच्या सोयीने?

वेळ मजुराच्या सोयीने ठरविता येते. १ मे २०२३ रोजी राज्यात जे 'आपला दवाखाना' सुरू झाले, त्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठरविली होती. कल्पना चांगली, यात शंका नाही. परंतु आपल्या तालुक्यातील दवाखाना रात्री दहापर्यंत खरोखर उघडा असतो काय, डॉक्टर बसतात काय, हे कार्यकर्त्यांनी रात्री नऊला जाऊन डोळ्यांनी पाहिले पाहिजे. फीत कापताना फोटो काढणारे पुढारी रात्री नऊला तिकडे फिरकत नाहीत.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात १९२९ सालची काठियावाडातील एक हकिकत नोंदविली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांनी दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा कुठे तो आला. तोही बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. न्यूमोनिया आहे असे सांगून डॉक्टर निघून गेला. पुढे तो पाहायला आला नाही. ती बाई मेली.

आज थर्मामीटर असे हातोहात फिरत नाही, हे कबूल. ते आपोआप घडलेले नाही, संविधानाने घडविले आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला रुग्णालय, दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडविणे हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनेही गुन्ह्यांच्या यादीत घातले असून ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पण आजचा नकार जातीचे नाव घेत नाही. तो म्हणतो, "बेड नाही", "मशीन बंद आहे", "जळगावला न्या". आणि तो नेहमी तोंडी असतो. आम्ही वकिली करतो म्हणून सांगतो, तोंडी नकाराला कोर्टात उभे करणे फार अवघड असते.

हकीम शेख या माणसाचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. तो पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद होता. ८ जुलै १९९२ रोजी तो मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडला आणि डोक्याला गंभीर मार लागला. त्याला घेऊन लोक एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरले. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये मोजून तो वाचला. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. चौकशी समितीने रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. ६ मे १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. इतर राज्यांनीही त्याप्रमाणे पावले उचलावीत, असेही न्यायालयाने सांगितले.

त्यामुळे सरकारी दवाखान्यात पाऊल ठेवल्याबरोबर पहिले काम म्हणजे केस पेपर. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासणीपर्यंत सारे निःशुल्क केलेले आहे. म्हणजे पैसे नाहीत म्हणून कागद नाही, असे म्हणायला जागाच उरलेली नाही. पुढे पाठवायचे असेल तर चिठ्ठी मागा. तिच्यावर रुग्णाची अवस्था, पाठविण्याचे कारण, वेळ आणि डॉक्टरांची सही असली पाहिजे. १०८ची गाडी बोलवायला सांगा. (एक गंमत मात्र ध्यानात असू द्या. जळगावचे जिल्हा रुग्णालय २०१८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले, आणि वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये २०२३ च्या त्या निर्णयात नव्हती. पाचोऱ्यात फुकट, पन्नास किलोमीटरवर पैसे! गरिबाच्या आजाराला खाते कळत नाही, शासनाला मात्र कळते.)

खाजगी डॉक्टरांचे काय? २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे कोणाला तपासावे हे ठरविण्याची मोकळीक डॉक्टरला आहे, पण तातडीच्या प्रसंगी त्याने मदतीला धावले पाहिजे. फीचा फलक लावला पाहिजे. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत दिली पाहिजेत. खाटा असलेल्या रुग्णालयांना तर राज्याच्या २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावणे बंधनकारक केले आहे. किती भिंतींवर ती दिसते, हे पाहायला एक दुपार पुरे. जे डॉक्टर आजही गरिबाकडून फी घेत नाहीत, रात्री दार उघडतात, ते आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण समाजाचे आरोग्य एखाद्याच्या भलेपणावर किती दिवस टांगून ठेवायचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला शेजारी धुळे होता. जळगाव नंतर आले. आता संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आहे. योजनेतील रुग्णालयात भरती होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला गाठावे, कारण पैसे भरून झाल्यावर योजनेत बसविणे कठीण होते. १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. परंतु ही योजना भरती होणाऱ्याची आहे. ताप, खोकला, जुलाब, साखर, रक्तदाब यांसाठी ओट्यावर बसणाऱ्याला तिचा पैसाही मिळत नाही, आणि मजुराच्या खिशाला रोजची गळती तिथेच लागलेली आहे. म्हणून खाजगी दवाखान्याच्या नंबराची वही भिंतीवर लागावी, बाहेरगावच्या रुग्णांसाठी सकाळचे काही नंबर राखून ठेवावेत, एवढे मागणे घेऊन कार्यकर्त्यांनी डॉक्टरांच्या संघटनेला भेटावे.

सरकारी दवाखान्याची तक्रार करताना दार चुकू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, तेव्हा अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयाचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अर्ज दोन प्रतींत करावा. तारीख, वेळ, कोण काय म्हणाले ते साध्या मराठीत लिहावे, केस पेपरची झेरॉक्स जोडावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.