खोल पाण्यात वर कोण ढकलतं?

आता आपण एक कोडं पाहू. खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो. मग पाणी आपल्याला अधिक जोराने वर का ढकलत नाही? कारण दाब वरूनही असतो, खालूनही. वर ढकलतो तो या दोहोंतला फरक. तो बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा असतो. आर्किमिडीजचा नियम तो हाच. दगडाच्या बाबतीत हा फरक खोलीने फारसा बदलत नाही. पण श्वास भरून बुडी मारली, की १० मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो आणि फुप्फुसांतली हवा निम्म्या जागेत मावते. शरीर कमी पाणी सारतं, वरचा रेटा घटतो. पृष्ठभागावर तरंगणारे आपण आणखी खाली आपोआप बुडू लागतो. तेव्हा पाणीच वर आणील, या भरवशावर राहू नये.