सातबारा आणि नागरिकाचा हक्क

महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा शासनसंस्थेशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो मंत्रालयाच्या द्वारे नव्हे, तर तलाठ्याच्या दप्तराच्या द्वारे येतो. आणि त्या दप्तरातही गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांच्या संयोगाने सिद्ध होणारा उतारा, म्हणजेच सातबारा, हा त्याच्या वहिवाटीचा, कर्जाचा, वारशाचा आणि पुष्कळदा भाऊबंदकीतील कलहाचाही लेखी साक्षीदार असतो. जमीन कोणाच्या नावे आहे, तिचे क्षेत्र व आकार किती, तिच्यावर बोजा कोणाचा, हे सात नमुन्यात नमूद असते. कोणत्या हंगामात कोणते पीक उभे होते, हे बारामध्ये. असा हा अभिलेख तत्त्वतः सार्वजनिक असला, तरी तलाठी सजावर आहे की तालुक्याला बैठकीस गेला आहे, या एका प्रश्नावर उताऱ्यासाठी आलेल्या माणसाचा सबंध दिवस आणि त्या दिवसाची मजुरी अवलंबून राहत असे.

1 मे 2018 रोजी, महाराष्ट्र दिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात सुरू झाला. पंधरा रुपये शुल्क भरून तो कोणालाही घरबसल्या काढता येतो, आणि 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अशा स्वाक्षरीस मान्यता दिलेली असल्याने त्यावर पुन्हा तलाठ्याचा सही-शिक्का घेण्याचे प्रयोजन उरत नाही. ही सोय मोठी आहे. परंतु या सुधारणेचे मर्म मला सोयीपेक्षा तिच्या पूर्वतयारीत दिसते. पिढ्यान्‌पिढ्या हस्ताक्षरात लिहिलेले उतारे संगणकात उतरवताना नावे चुकली, क्षेत्रांचे आकडे बदलले, आणि कागदावरची चूक जर तशीच यंत्रात गेली असती तर ती केवळ अधिक वेगाने आणि अधिक अधिकृत मुद्रेने सर्वत्र पोहोचली असती. म्हणून 2017 साली गावोगाव चावडी वाचन झाले: संगणकातील नोंदी गावकऱ्यांसमक्ष वाचून दाखवायच्या, आणि ज्याची जमीन त्यानेच आपली चूक निदर्शनास आणायची. महसुली अभिलेखाची शुद्धता ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला त्यांच्याच साक्षीने तपासावी, हा मला या साऱ्या उपक्रमातील सर्वांत लोकशाहीनिष्ठ भाग वाटतो.

फेरफाराच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले की त्याची माहिती आता संगणकाद्वारेच महसूल खात्याकडे जाते. तलाठी नोंद घेतो, हितसंबंधी व्यक्तींना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पूर्वी हीच वाट होती, पण अंधारी. आज आपला फेरफार कोणत्या टप्प्यावर अडला आहे हे खातेदारास पाहता येते, आणि विलंब एकदा दिसू लागला म्हणजे त्याचे कारण विचारता येते. मात्र जे दप्तरात आलेच नाही ते यंत्र दाखवू शकत नाही. कित्येक उताऱ्यांवर निवर्तलेल्या खातेदारांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहिली, वारसांचे कर्ज व अनुदान त्यापायी अडले, आणि त्यासाठी 2025 साली ‘जिवंत सातबारा’ ही स्वतंत्र मोहीम हाती घ्यावी लागली.

मृत खातेदाराची विधवा जेव्हा वारस-नोंदीसाठी अर्ज घेऊन येते, तेव्हा तिला संगणकाइतकीच कायद्याची गरज असते. असा कायदा महाराष्ट्रात आहे. 2015 सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ही मेहेरबानी न राहता हक्क झाली. प्रत्येक सेवेस मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी नेमून दिला आहे; अर्ज फेटाळायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात; दोन अपिले खात्यातच करता येतात आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे; आणि पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम अल्प आहे, परंतु ती कसूर करणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जाते, ही गोष्ट अल्प नव्हे.

दुर्दैव असे की हक्काचा वापर करण्यासाठी अर्जाची पोच लागते, आणि पोच मागण्याचे धैर्य सर्वांजवळ नसते. कार्यालयाने सेवांची यादी, मुदत, शुल्क व अधिकाऱ्याचे पद सूचना फलकावर लावावे असे हाच अधिनियम सांगतो. माहिती न मागताच ती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य तर 2005 सालच्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील कलम 4 मध्येही घातलेले आहे. ज्या वस्तीत भ्रमणध्वनीची रेंज पोहोचत नाही, तेथे हा फलकच नागरिकाचे संकेतस्थळ होय. तो ठळक मराठीत, दर्शनी भिंतीवर आणि अद्ययावत असावा, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास सेवा केंद्रातील माणसाने तो वाचून दाखवून अर्जाच्या क्रमांकासह पोच हाती द्यावी, एवढी अपेक्षा प्रत्येक तहसीलदाराकडून आजच करता येईल. तिच्यासाठी नवा कायदा नको, नवे यंत्रही नको.