पितळी पट्टी आणि तिच्यामागचे लाकूड

मोडीत निघालेल्या ऐतिहासिक युद्धनौकांच्या लाकडापासून घडवलेल्या डब्या, दौती, हातातल्या काठ्या, खुर्च्या आणि तसबिरींच्या चौकटी यांविषयी सर्वांत दृढ समज असा, की त्यांवर जडवलेल्या पितळी पट्टीवर जे कोरले आहे तेच त्या लाकडाचे पूर्ण चरित्र होय. हा समज पारखून घ्यायला ‘फूद्रॉयंट’ या ब्रिटिश नौकेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

1798 मध्ये जलावतरण झालेली ही 80 तोफांची नौका 1799 ते 1800 या काळात ब्रिटिश नौसेनानी नेल्सनची ध्वजनौका होती. ध्वजनौका म्हणजे जिच्यावर आरमाराच्या अधिपतीचा मुक्काम असतो आणि त्याचा ध्वज फडकतो ती नौका. 1892 मध्ये नौदलाने ती मोडीत काढली आणि ती जर्मन व्यापाऱ्यांच्या हाती गेल्याचे कळताच इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. पुढे व्हीटली कॉब या धनिकाने ती विकत घेऊन तिची डागडुजी केली आणि लोकांना पाहता यावी म्हणून ती किनाऱ्यावरच्या गावांना नेण्यास सुरुवात केली. परंतु 16 जून 1897 रोजी ब्लॅकपूल येथे वादळात सापडून ती किनाऱ्यावर फुटली आणि तिचे ओकचे लाकूड व तांबे स्मृतिवस्तूंच्या रूपाने घरोघरी पोहोचले.

‘नेल्सनच्या ध्वजनौकेचे लाकूड’ ही अक्षरे वाचताच बहुतेकांना ट्रफाल्गर आठवते. मात्र 1805 च्या त्या लढाईत फूद्रॉयंट नव्हतीच, नेल्सनची ध्वजनौका तेव्हा ‘व्हिक्टरी’ होती. खुद्द व्हिक्टरीच्या लाकडाबाबतही सावधगिरी हवी, कारण लाकडी जहाजाच्या कुजलेल्या फळ्या सतत बदलाव्या लागतात आणि त्यामुळे नंतरच्या दुरुस्तीत निघालेला तुकडा त्या लढाईनंतर बसवलेलाही असू शकतो. म्हणून तो खोटा ठरत नाही. तो जहाजाचाच असतो, फक्त लढाईचा साक्षीदार नसतो.

जुन्या ब्रिटिश युद्धनौका ओकच्याच असत, हा समज तर थेट मुंबईपर्यंत येऊन मोडतो. फूद्रॉयंट गमावल्यावर कॉब यांनी ‘ट्रिंकोमली’ ही नौका घेतली आणि तिला फूद्रॉयंट हेच नाव दिले. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेली ही नौका 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली होती. तिचे मूळ नाव तिला 1990 च्या दशकात परत मिळाले आणि आज ती हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. साहजिकच नाव एक आणि जहाजे दोन, अशी स्थिती अनेक दशके राहिली. येथे लाकूड स्वतःच बोलू लागते: ओकमधील टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी क्रिया होऊन खिळ्याच्या भोकाभोवती निळसर काळे वर्तुळ उमटते, तर सागवान हाताला किंचित तेलकट लागते आणि त्यातले लोखंड तुलनेने सुरक्षित राहते. अर्थात दुरुस्तीत दुसऱ्या जातीचे लाकूडही वापरले जाई, त्यामुळे ही खूण म्हणजे अंतिम निवाडा नव्हे.

सागवानाची वस्तू असली म्हणजे ती शिडाच्या जहाजाचीच, असेही मानता येत नाही. पोलादी युद्धनौकांच्या डेकवरही सागाच्या फळ्या अंथरलेल्या असत. 1916 च्या जटलंडच्या लढाईतील ब्रिटिश ध्वजनौका ‘आयर्न ड्यूक’ हिच्या सागवानापासूनही अशा वस्तू झाल्या.

हा सारा आधुनिक व्यापाऱ्यांचा खेळ आहे, हा आक्षेपही टिकत नाही. 1782 मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’चे अवशेष पाण्याबाहेर काढले गेले तेव्हा, म्हणजे 1840 च्या सुमारासच, तिच्या लाकडात बांधलेली छोटी पुस्तके विकली जात होती.

प्रयोगशाळा सर्व शंका फेडील, ही अपेक्षाही फाजील आहे. झाडाच्या वर्षवलयांवरून काल ठरवण्यासाठी वलयांची बरीच लांब मालिका लागते, ती तपकिरीच्या डबीएवढ्या तुकड्यात बहुधा मिळत नाही. आणि ती मिळाली तरी त्यावरून झाड कधी वाढले एवढेच कळते, ते कोणत्या जहाजात बसले हे कळत नाही. म्हणूनच जाणकार संग्राहक पट्टीइतकेच महत्त्व विक्रीच्या वेळच्या दाखल्याला आणि त्यानंतर वस्तू कोणाकोणाकडे होती याच्या अखंड नोंदीला देतात.