एक टेबल, एक खुर्ची, एक पगार

गेल्या पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या गळू लागल्या, आठवतंय ना? "अरेरे, वाईट झालं," असं म्हणणारे सगळेच होते. पण आपली कॉट भिंतीला सरकवून दुसऱ्याच्या गादीला जागा करून देणारे मोजकेच निघाले. खरी मदत ती होती!

युद्धात, छळात संशोधकाचंही असंच होतं. लॅब जाते, पगार जातो, कधी देशच जातो. मग बाकीचे शास्त्रज्ञ काय करतात? सहानुभूती दाखवतात की कॉट सरकवतात?

एप्रिल १९३३ मध्ये हिटलर सरकारने कायदा करून ज्यू आणि विरोधी मतांच्या प्राध्यापकांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये 'अकॅडमिक असिस्टन्स कौन्सिल' उभी राहिली. विल्यम बेव्हरिज यांनी पुढाकार घेतला, अध्यक्ष झाले रदरफोर्ड. काम अगदी साधं होतं : वर्गणी गोळा करायची, आलेल्या माणसाला काही काळ पुरेल एवढं अनुदान द्यायचं आणि तोवर एखाद्या विद्यापीठात त्याला जागा शोधायची. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निधीसाठी सभा झाली, तिथे खुद्द आइन्स्टाइन बोलले.

पुढे महायुद्ध पेटलं आणि १९४० मध्ये ब्रिटनने याच निर्वासितांना 'शत्रूदेशाचे नागरिक' म्हणून छावण्यांत डांबलं. मॅक्स पेरुट्झ यांना तर थेट कॅनडाला पाठवलं. तेव्हा याच संस्थेने डांबलेल्या संशोधकांच्या सुटकेसाठी अर्ज-विनंत्या केल्या. पेरुट्झ परत आले आणि १९६२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही संस्था नाव बदलून आजही काम करते.

आता आपल्या घरची गोष्ट. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये वेव्ह फंक्शनच्या वर्गाचा अर्थ 'प्रोबॅबिलिटी' असा आपण घोकतो. तो अर्थ लावला मॅक्स बॉर्न यांनी. १९३३ मध्ये गॉटिंगेनची खुर्ची गेल्यावर ते केंब्रिजला आले, आणि १९३५ च्या हिवाळ्यात सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. त्यांना कायमचं ठेवून घ्यावं म्हणून रामन यांनी खूप धडपड केली. पण सभेत एक इंग्रज प्राध्यापक उठला आणि स्वतःच्या देशातून हाकललेला हा दुय्यम दर्जाचा माणूस आपल्याला नको, असं बॉर्न यांच्या समोरच म्हणाला. बॉर्न यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला आहे. तो गृहस्थ इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होता, हे वाचून मला जरा लाजच वाटली! बॉर्न १९३६ मध्ये एडिंबरोला गेले. १९५४ चं नोबेल त्यांना मिळालं. खुर्ची मात्र आपल्याकडची रिकामी राहिली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला. जगभरातल्या लॅब्जनी युक्रेनच्या संशोधकांना जागा देऊ केल्या. युरोपीय संघाने त्यांच्या फेलोशिपसाठी अडीच कोटी युरो ठेवले. सेंट पीटर्सबर्गला भरणारी गणितज्ञांची जागतिक परिषद ऑनलाइन झाली आणि पदकं हेलसिंकीला दिली गेली. त्यातलं एक फील्ड्स पदक कीव्हमध्ये वाढलेल्या मारिना व्याझोव्स्का यांना मिळालं.

आणि रशियाचे शास्त्रज्ञ? त्यांच्यापैकी हजारोंनी युद्धाविरुद्ध जाहीर पत्रावर सह्या केल्या. सर्नने नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाशी असलेला सहकार्य करार संपवला, पण दुसऱ्या देशांतल्या संस्थांमधून काम करणाऱ्या रशियन माणसांना दार बंद केलं नाही. सरकारला एक वागणूक आणि माणसाला दुसरी, हा फरक करणं सोपं नसतं. तरी तो करायलाच हवा, असं मला वाटतं.

निषेधाचा ठराव एका दुपारी पास होतो. टेबल, खुर्ची आणि वर्षभराचा पगार द्यायला मात्र कुणाला तरी सरकून बसावं लागतं. उद्या आपल्या कॉलेजच्या दारात असा एखादा माणूस येऊन उभा राहिला, तर त्या सभेत आपण काय बोलू?

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी