रिकामा वाहनतळ आणि रेलिंगला बांधलेली सायकल

मुंबईतल्या कुठल्याही लोकल स्टेशनबाहेर या आणि रेलिंगकडे नीट बघा. डबेवाल्याची, पाववाल्याची, रात्रपाळीच्या वॉचमनची सायकल साखळीने तिथे जखडलेली दिसेल. या सायकलींना हक्काची जागा द्या म्हटलं, की ठरलेली उत्तरं येतात.

'गाड्यांनाच जागा पुरत नाही, सायकलींना कुठून आणणार?'

जागा आहे, पण ती वापरात नाही. बिल्डरांना जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा देऊन शहरात सार्वजनिक वाहनतळ उभे राहिले. मात्र त्यांतले कित्येक ओस आणि बाहेरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, अशी गत झाली. शेवटी जुलै 2019 मध्ये महापालिकेला 26 वाहनतळांच्या 500 मीटर परिसरात बेकायदा पार्किंगसाठी 5 हजार रुपयांपासून पुढे दंड लावावा लागला. भरलेल्या वाहनतळांसाठी कोणी असा दंड लावत नाही.

शिवाय गाड्या हाकलायच्या नाहीतच. एका मोटारीला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते. तेवढ्यात दहा सायकली सहज मावतात. लंडनच्या गल्ल्यांमध्ये सहा सायकलींची कुलूपबंद पेटी असते, ती मोटारीच्या निम्म्या जागेत बसते.

'सायकल आता हौशी लोकांचीच राहिली.'

रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणारे डोळ्यांत भरतात, म्हणून तसं वाटतं. 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती आणि मोटार 5 टक्क्यांहूनही कमी घरांत. सार्वजनिक जागेची वाटणी करताना हे आकडे समोर हवेत.

'मोटारीची जागा गेली की दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटतं.'

मेलबर्नच्या लायगन स्ट्रीटवर याचा हिशेब मांडला गेला. मोटार पार्किंगच्या एका चौरस मीटरमागे दुकानांत तासाला 6 डॉलर खर्च होत होते, तर सायकल पार्किंगच्या तेवढ्याच जागेमागे 31. सायकलवाला एका खेपेत कमी खरेदी करतो हे खरं, पण त्याच जागेत गिऱ्हाइकं कितीतरी जास्त येतात. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये तर मोटारीची जागा काढून सायकल स्टँड द्या, अशी मागणी दुकानदारच करतात.

'दोन रॅक ठोकले की काम झालं.'

इथे मी अनुभवाने बोलतो. फक्त चाक अडकवायच्या रॅकला मी एकदा सायकल लावली होती. परत आलो तेव्हा कुलूप शाबूत, पुढचं चाक शाबूत, बाकी सायकल गायब. अशा रॅकमध्ये सायकल कलंडली तर रिमही वाकते. हवा तो उलट्या यू आकाराचा, जमिनीत घट्ट रोवलेला पाइप, म्हणजे फ्रेम आणि चाक दोन्ही एका कुलपात येतात. दोन पाइपांमध्ये मीटरभर अंतर हवं आणि एका पाइपाला दोन बाजूंनी दोन सायकली. हे सगळं तळमजल्यावर, प्रवेशद्वाराशी, उजेडात आणि रखवालदाराच्या नजरेसमोर असायला हवं. दिवसभर राबलेला माणूस सायकल ढकलत चौथ्या मजल्याचा रॅम्प चढणार नाही, तो पुन्हा रेलिंगच गाठेल.

तुमच्या वॉर्डातल्या वाहनतळात रोज किती जागा रिकाम्या राहतात, हे वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. त्यातल्या तळमजल्यावरच्या फक्त दहा मागा. तेवढ्यात शंभर सायकली उभ्या राहतात.